प्री-मेडचं उलटं कॅलेंडर

ऑगस्टअखेर अमेरिकेतल्या कॉलेजांच्या डॉर्मसमोर गाड्यांची रांग लागते. डिकीत छोटा फ्रिज, चादरी, चिवड्याची बरणी आणि मागच्या सीटवर अठरा वर्षांचं पोर. कुणी विचारलंच तर ते सांगतं, "मी प्री-मेड." पुण्या-नागपुरात आजीच्या कानावर हे पोचेपर्यंत त्याचं "नात मेडिकलला लागली" झालेलं असतं. पेढेही वाटून होतात. नात कुठेच लागलेली नसते. प्री-मेड नावाची पदवी सहसा कुठे मिळत नाही आणि तिथे 'प्रवेश' असा काही नसतो. तो एक इरादा असतो, आणि तो सोडून द्यायला फॉर्मसुद्धा भरावा लागत नाही.

मेडिकल कॉलेज इथे पदवीनंतर. आधी चार वर्षांची बॅचलर्स, मग चार वर्षं एम.डी. किंवा डी.ओ. (दोन्ही इथल्या डॉक्टरकीच्या पदव्या), पुढे रेसिडेन्सीची, म्हणजे हॉस्पिटलातल्या प्रशिक्षणाची, तीन ते सात वर्षं. बॅचलर्स कशातही केलेली चालते, इतिहासात किंवा संगीतातसुद्धा. फक्त काही विषय झालेले हवेत: लॅबसकट एकेक वर्ष बायॉलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स, एक सेमिस्टर बायोकेमिस्ट्री, थोडं लेखन, थोडं स्टॅटिस्टिक्स. कॉलेजागणिक यात थोडा फरक पडतो, पण सांगाडा हाच.

हा सांगाडा काही पहिल्यापासून नव्हता. आनंदीबाई जोशी १८८३ साली न्यू जर्सीतल्या रोझेलला कार्पेंटरबाईंच्या घरी उतरल्या आणि तिथून फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या आणि पदवी कुणी मागितली नव्हती. १८८६ मध्ये त्या डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. पुढे १८९३ मध्ये जॉन्स हॉपकिन्सने आधी बॅचलर्स करून या अशी अट घातली, आणि १९१० च्या फ्लेक्सनर अहवालाने विज्ञानाचा पाया कॉलेजात घालूनच मेडिकलला यावं हा आग्रह देशभर नेला. आज डॉर्ममध्ये फ्रिज चढवणाऱ्या पोराच्या डोक्यावर बसलेली केमिस्ट्री तिथून आलेली आहे.

भारतात शिकलेल्या आईबापांची अडचण वेगळीच असते. त्यांच्या मनात मेडिकल म्हणजे नीट: एक दुपार, तीन तास, ७२० गुण. वर्षभर खोलीचं दार बंद, टीव्ही बंद, लग्नकार्याला जाणं बंद, आणि मग तो एक दिवस. इथे असा एक दिवसच नाही. एमकॅट नावाची परीक्षा आहे आणि ती कठीणही आहे, पण तिच्या जोडीला सहा सेमिस्टरचे ग्रेड, प्राध्यापकांची पत्रं, दवाखान्यात घालवलेले तास आणि मुलाखत हे सगळं येतं. यातलं बरंचसं उशिरा सुरू केलं तर जोर लावून भरून काढता येत नाही. म्हणून पहिल्या वर्षाचा विचार मागून करायचा: अर्ज कोणत्या महिन्यात जाणार ते आधी धरायचं आणि मग मागे मोजत यायचं.

मोजून बघू. समजा मुलगी २०२६ च्या ऑगस्टमध्ये कॉलेजात गेली आणि मध्ये खंड न पाडता तिला २०३० च्या उन्हाळ्यात मेडिकलला बसायचंय. एम.डी.चे बहुतेक अर्ज एएमकॅस या सामायिक सेवेतून जातात. हा फॉर्म मेच्या सुरुवातीला उघडतो आणि मेअखेर किंवा जूनच्या आरंभी सादर करता येतो. म्हणजे अर्ज २०२९ च्या जूनमध्ये, तिसरं वर्ष संपल्या संपल्या. कॉलेजं अर्ज येतील तसे वाचतात आणि मुलाखती भरत जातात, त्यामुळे सप्टेंबरात पाठवलेला अर्ज कागदावर वेळेत असला तरी व्यवहारात उशिराचाच. जूनच्या अर्जासाठी एमकॅट त्या वसंतात व्हायला हवी. एमकॅटला बायोकेमिस्ट्री लागते, म्हणजे ती २०२८ च्या फॉल (ऑगस्ट ते डिसेंबर) सेमिस्टरमध्ये. बायोकेमिस्ट्रीच्या आधी ऑरगॅनिकची दोन सेमिस्टर, २०२७ चा फॉल आणि २०२८ चा स्प्रिंग (जानेवारी ते मे). ऑरगॅनिकच्या आधी जनरल केमिस्ट्रीची दोन. म्हणजे आलोच आपण २०२६ च्या ऑगस्टवर, कॉलेजच्या पहिल्या आठवड्यावर.

एका विषयाच्या मागे दुसरा बांधलेला आहे आणि साखळी केमिस्ट्रीची आहे. बायॉलॉजी इकडेतिकडे सरकवता येते, फिजिक्स दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी घेता येतं, पण पहिल्या फॉलला जनरल केमिस्ट्री हुकली आणि कॉलेजात तिचा पहिला भाग स्प्रिंगला मिळत नसला, की वर्ष गेलं. ते गेलं म्हणजे बुडालं असं मात्र समजू नये. मेडिकलला जाणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जण हल्ली मध्ये किमान एक वर्ष घेऊनच जातात, आणि प्रवेश समितीला त्यात वावगं काही वाटत नाही. वावगं वाटतं ते घरच्यांना, कारण 'गॅप' हा शब्द आपल्याकडे नापासाच्या शेजारी राहतो.

मग पहिल्या सेमिस्टरला घ्यावं काय? जनरल केमिस्ट्री लॅबसकट, एक गणित किंवा स्टॅटिस्टिक्स, लेखनाचा सक्तीचा कोर्स आणि एक आवडीचा विषय. एकूण १५-१६ क्रेडिट, क्रेडिट म्हणजे विषयाचं हिशेबातलं वजन. दोन लॅबचे विषय आणि वर कॅल्क्युलस हा बेत हायस्कूलच्या टॉपरला सोपा वाटतो आणि ऑक्टोबरात अंगावर येतो. एपी केमिस्ट्रीत, म्हणजे हायस्कूलमध्येच दिलेल्या कॉलेज पातळीच्या परीक्षेत, पाचपैकी पाच मिळाले म्हणून थेट ऑरगॅनिकला बसण्याचा मोह अनेकांना होतो. काही मेडिकल कॉलेजं एपीचं क्रेडिट सक्तीच्या विषयासाठी धरतच नाहीत, किंवा त्याऐवजी वरच्या पातळीचा कोर्स मागतात. तेवढं सोडलं तरी, नव्या गावात, नव्या रूममेटबरोबर, पहिल्याच सेमिस्टरला ऑरगॅनिक घेण्यात फायदा काय, हे कुणी नीट समजावून सांगत नाही.

ग्रेडचं गणित एकदा कागदावर मांडून बघावं. ए चे चार गुण, बी चे तीन, सी चे दोन; क्रेडिटने गुणून काढलेली सरासरी म्हणजे जीपीए. सोळा क्रेडिटपैकी बारांत ए आणि चार क्रेडिटच्या केमिस्ट्रीत सी. बारा चोक अठ्ठेचाळीस, चार दुणे आठ, एकूण ५६. भागिले १६, जीपीए ३.५. पुढची तिन्ही सेमिस्टर सोळा-सोळा क्रेडिटची आणि सगळीकडे ए, तर ६४ क्रेडिटवर ३.८७. म्हणजे एक सी पचतो. पण दोन वर्षं ३.० वर काढली, साठ क्रेडिट झाली, आणि मग डोळे उघडले, तर पुढच्या साठ क्रेडिटमध्ये एकही ए न चुकवता गाडी ३.५ पर्यंतच येते. मेडिकलला दाखल होणाऱ्यांचा सरासरी जीपीए ३.७ च्या वर असतो. दरवर्षी पन्नास हजारांच्या वर उमेदवार आणि एम.डी.च्या तेवीस हजारांच्या आसपास जागा, हे शेजारी ठेवलं की सुरुवातीच्या सेमिस्टरांचं वजन समजतं. शिवाय एएमकॅस बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणिताचा जीपीए वेगळा काढतं. वरच्याच उदाहरणात चार क्रेडिटच्या कॅल्क्युलसला बी असता, तर त्या पहिल्या सेमिस्टरचा हा वेगळा आकडा २.५ वर असता. विषय पुन्हा घेतला तरी जुना ग्रेड पुसला जात नाही, दोन्ही मोजतात. म्हणून मिडटर्मनंतर गाडी डी कडे निघालेली दिसली तर 'विथड्रॉ'ची, म्हणजे विषय मध्येच सोडण्याची, शेवटची तारीख बघून ठेवावी. ट्रान्सक्रिप्टवरचा एखादा डब्ल्यू कुणी लक्षात ठेवत नाही. डी मात्र चार वर्षं हिशेबात राहतो.

यात एक छुपी मेख आहे. हायस्कूलमध्ये असताना गावातल्या कम्युनिटी कॉलेजात घेतलेले कोर्ससुद्धा एएमकॅसमध्ये लिहावे लागतात आणि जीपीएत धरले जातात. सोळाव्या वर्षी उन्हाळ्यात 'सहज' घेतलेल्या सायकॉलॉजीतला सी असा विसाव्या वर्षी दारात येऊन उभा राहतो.

आता केमिस्ट्रीच्या वर्गात. तीनशे मुलं, पायऱ्यापायऱ्यांचं सभागृह, आणि पहिल्या मिडटर्मची सरासरी ५५-६०. आयुष्यात पंच्याण्णवच्या खाली न आलेल्या मुलाला ६२ दिसले की त्याला वाटतं आपण मेडिकलच्या लायकीचे नाही. बऱ्याच वर्गांत ग्रेड सरासरीवर बेतलेले असतात, आणि ६२ म्हणजे बी असू शकतो. तेव्हा आधी सिलॅबस वाचावा, रडणं नंतर.

खरी गफलत अभ्यासाच्या रीतीत असते. मुलं नोट्स वाचतात, रंगवतात, परत वाचतात. वाचताना सगळं समजतं. दुसऱ्या सेमिस्टरचं बफरचं एक साधं गणित घेऊ: ०.१० मोलर ॲसेटिक आम्ल ५० मिलिलिटर, त्यात ०.१० मोलरचं सोडियम हायड्रॉक्साइड १० मिलिलिटर, पीएच किती? आम्ल ५ मिलिमोल, अल्कली १ मिलिमोल. घाईत एक मुलगा अल्कली-आम्लाच्या गुणोत्तराच्या सूत्रात १ भागिले ५ टाकतो आणि ४.०६ काढून मोकळा होतो. पण टाकलेल्या अल्कलीने १ मिलिमोल आम्ल खाल्लंय, उरलंय ४. हे ध्यानात घेणारा दुसरा मुलगा १ भागिले ४ टाकतो, उत्तर ४.१६. परीक्षेच्या पर्यायांत ४.०६ मुद्दाम ठेवलेलं असतं. सूत्र दोघांनाही पाठ होतं. प्रयोगशाळेतल्या चंचुपात्रात आधी काय घडलं हे एकाने डोळ्यापुढे आणलं, दुसऱ्याने आणलं नाही. ही नजर वाचून येत नाही. नोट्स मिटून, कोऱ्या कागदावर, घड्याळ लावून गणितं सोडवली की येते. चुकलेल्या प्रत्येक गणितापुढे का चुकलं ते एका ओळीत लिहावं: "वजा करायचं विसरलो", "एकक बघितलं नाही". तीन आठवड्यांत वहीवरून कळतं की आपण दहा चुका करत नाही, दोनच करतो, पण पुन्हा पुन्हा.

त्याच वहीतलं एक अडलेलं गणित घेऊन प्राध्यापकाच्या ऑफिस अवर्सना, म्हणजे शंका विचारायच्या ठरलेल्या वेळी, जायचं, आणि ते दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. मिडटर्मच्या आदल्या दिवशी दाराबाहेर रांग असते, सप्टेंबरात खोलीत तीन जण असतात. "मला हा धडा समजला नाही" असं म्हणू नये. "मी इथपर्यंत आलो, या पायरीवर अडलो" म्हणावं आणि कागद पुढे सरकवावा. आपल्याकडची मुलं इथे कचरतात. सरांच्या खोलीत बोलावल्याशिवाय जायचं नाही, हे घरातून आलेलं असतं. पण मेडिकलला सहसा दोन विज्ञानाच्या आणि एका अन्य विषयाच्या प्राध्यापकाचं पत्र लागतं, आणि तीनशेंच्या वर्गात ज्याने ग्रेडशिवाय काही पाहिलं नाही तो लिहील तरी काय? पत्र मागतानाही "पत्र द्याल का" एवढंच विचारू नये. "तुम्हाला माझ्याबद्दल भक्कम पत्र लिहिता येईल का?" असं विचारावं, म्हणजे समोरच्याला नाही म्हणायला जागा राहते. कोमट पत्रापेक्षा तो नकार पुष्कळ बरा.

लॅबबद्दल एक सांगायलाच हवं. प्रॅक्टिकलचं जर्नल मित्राचं बघून उतरवणं हा महाराष्ट्रातल्या अकरावी-बारावी सायन्सचा जवळजवळ रिवाज. आईवडील हसत हसत ते किस्से सांगतात. इथे लॅब रिपोर्टची फाइल मित्राला 'फक्त बघायला' पाठवली आणि त्याने चार वाक्यं उचलली, तर दोघांवर कारवाई होऊ शकते. अर्जात शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का हा प्रश्न असतो, आणि डॉर्ममधल्या दारूच्या बाटलीपासून सगळं त्यात येऊ शकतं. फाइल पाठवू नये. शेजारी बसून समजावून सांगावं.

दवाखान्याचं काम पहिल्या सेमिस्टरला सुरू केलंच पाहिजे असं नाही. माझ्या मते ग्रेड स्थिरावेपर्यंत थांबावं आणि जानेवारीत एकच पाळी धरावी, आठवड्यातून दोन-तीन तासांची, पण दोन वर्षं न सोडता. पाच क्लबांची पदं आणि तीन महिन्यांची धावपळ यांपेक्षा ती एक पाळी जास्त बोलते. उन्हाळ्यात पगारी काम हवं असेल तर सीएनएचा, म्हणजे रुग्णांना आंघोळ घालणं, कूस बदलणं, भरवणं हे शिकवणारा कोर्स आहे. त्याचं केंद्र सरकारने ठरवलेलं किमान प्रशिक्षण ७५ तासांचं आणि काही राज्यांत त्याहून जास्त. डॉक्टरकी आपल्याला झेपेल का याचं उत्तर बेडपॅन बदलताना जितकं स्पष्ट मिळतं तितकं कुठल्या व्याख्यानात मिळत नाही.

या तासांची नोंद त्याच रात्री ठेवायची. अर्जात जास्तीत जास्त पंधरा उपक्रम लिहिता येतात. प्रत्येकाला मोकळ्या जागांसह ७०० अक्षरं, आणि त्यांतल्या तिघांना आणखी १,३२५. सुरुवातीची आणि शेवटची तारीख, एकूण तास आणि खातरजमा करणाऱ्या माणसाचा संपर्कही द्यावा लागतो. तीन वर्षांनी तास आठवत नाहीत आणि तो माणूस नोकरी सोडून गेलेला असतो. नोंद साधी असावी: "बुधवार, २ ते ५. एका आजींना व्हीलचेअरवरून एक्स-रेला नेलं. वाटेत तीनदा विचारलं, मुलगा आला का. तिसऱ्यांदा काय उत्तर द्यावं कळेना." रुग्णाचं नाव, खोली नंबर, काहीही नको. निबंध लिहायला बसल्यावर 'मला लोकांची सेवा करायची आहे' हे वाक्य कुणालाही सुचतं, पण ही वही दुसऱ्या कुणाकडे नसते.

शॅडोइंग म्हणजे डॉक्टरच्या मागे उभं राहून बघणं. चाळीस-पन्नास तास, तेही दोन-तीन वेगवेगळ्या शाखांत मिळून, पुरतात. ऑपरेशन थिएटरमध्ये जायचं असेल तर नाश्ता करून जा. उपाशी आणि गुडघे ताठ आवळून उभं राहिलं की रक्त पायात साचतं आणि पोर धाडकन पडतं. डोळ्यापुढे अंधारी आली तर लाज न बाळगता भिंतीकडे सरकायचं आणि खाली बसायचं, टेबलाच्या दिशेने पडायचं नाही. टेबलावरच्या निर्जंतुक निळ्या कापडापासून हातभर लांब, हात छातीशी.

सुट्टीत सांगली-साताऱ्याला मामांच्या हॉस्पिटलात जाऊन बघणं हे उत्तमच, पण तिथे कौतुकाने हातात सुई येते. "टाक एक टाका, अमेरिकेत शिकवणार नाहीत." नाही टाकायचा. जे काम इथे प्रशिक्षणाविना करता येत नाही ते परदेशातही करू नये, अशा अमेरिकन मेडिकल कॉलेजांच्या संघटनेच्या लेखी सूचना आहेत, आणि अर्जात तो टाका मिरवला तर वाचणाऱ्याला त्यात शौर्य दिसत नाही. तसंच इथल्या दवाखान्यात एखाद्या मराठी आजोबांशी गप्पा माराव्यात, पाणी द्यावं, पण डॉक्टरांचं म्हणणं भाषांतरित करू नये. त्यासाठी प्रशिक्षित दुभाषी असतो, फोनवरचा का होईना.

एमकॅटचा अभ्यास पहिल्या वर्षी काढू नये. २३० प्रश्न, सव्वासहा तासांचा प्रत्यक्ष पेपर, ४७२ ते ५२८ मधला गुणांक. त्याला दोन वर्षांनी तीन-चार महिने सलग द्यावे लागतील. अपवाद एकाच भागाचा, वाचनाचा. तत्त्वज्ञान, कला, समाजशास्त्रावरचे नऊ उतारे, ५३ प्रश्न, ९० मिनिटं. हे तीन महिन्यांत येत नाही. रोज एक लांबलचक, रटाळ वाटणारा लेख वाचावा आणि लेखकाचं म्हणणं दोन ओळींत लिहावं.

एच-४ व्हिसावरच्या (एच-१बी नोकरदारांच्या बायकामुलांचा व्हिसा) घरांसाठी हे उलटं कॅलेंडर आणखी आवळलेलं असतं. मूल एकविसाव्या वाढदिवसापर्यंतच एच-४ वर राहू शकतं. २०२६ मध्ये अठरा असलेली मुलगी एकवीसची होते २०२९ च्या आसपास, नेमक्या अर्जाच्या वर्षी. एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घेतला की ती परदेशी विद्यार्थिनी, मग बालवाडीपासून इथे का शिकलेली असेना. बरीच मेडिकल कॉलेजं, विशेषतः सरकारी, परदेशी विद्यार्थी घेत नाहीत. घेणाऱ्यांपैकी काही जण एक ते चार वर्षांची फी आधीच खात्यात दाखवायला लावतात, आणि सरकारी शैक्षणिक कर्ज मिळत नाही. कोण घेतं, कोण नाही, हे एमएसएआर या माहितीकोशात कॉलेजवार बघता येतं. ते पहिल्या वर्षी बघावं आणि वकिलाशीही त्याच वर्षी बोलावं.

आणि दवाखान्याच्या पाळीआधी लसींचे कागद मागतात तेव्हा भारतात जन्मलेली मुलं हमखास अडकतात. दंडावर बीसीजीचा व्रण असतो. क्षयाची त्वचेवरची चाचणी केली तर त्या लशीमुळेही ती फुगू शकते, मग छातीचा एक्स-रे, मग आणखी एक फॉर्म, आणि महिना जातो. आधीच सांगून रक्ताची चाचणी मागावी, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. गोवर, कांजिण्या आणि हेपेटायटिस-बीच्या नोंदी नसतील तर प्रतिपिंडं तपासतात. त्याआधी घरी फोन करून आजीला कपाटातलं लसींचं जुनं कार्ड शोधायला सांगा. सापडलं तर दोन्ही बाजूंचे फोटो मागवा, तारखांचे शिक्के मागच्या बाजूलाही असतात.